सरांकडे राहिलेली वाटी

आमच्या आईच्या आयुष्यात दोनच इच्छा होत्या. बाबांनी बाहेरून आल्यावर चपला दाराबाहेर काढाव्यात, ही एक. आणि खालच्या सरांकडून आपली वाटी एकदा तरी रिकामी परत यावी, ही दुसरी. पहिली पुरी झाली नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झाले तरी त्यांच्या चपला घरभर फिरतच राहिल्या. दुसरीपायी मात्र आईने जो हट्ट धरला तो मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि सरांची आठवण काढायची तर ती वाटीपासूनच काढावी लागते.

वाटीचं आधी सांगते, कारण हल्ली फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना हे ठाऊक नसतं. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत वाट्या हिंडायच्या. आमच्याकडे पुरण शिजलं की एक वाटी समोरच्या फरसाणवाल्या कनुकाकांकडे, एक खाली सरांकडे. कनुकाकांकडे उंधियू झालं की एक वाटी आमच्याकडे. गुजराती लोक याला वाटकी-वहेवार म्हणतात आणि आम्ही बडोद्याचे मराठीही तेच म्हणतो. याचे नियम सगळ्यांना पाठ. वाटी रिकामी परत पाठवायची नाही. आणि मुख्य म्हणजे लगेच पाठवायची नाही. चार-आठ दिवस ती आपल्या मांडणीवर राहू द्यायची, आपल्याच आमटीसाठी वापरायची, आणि घरात काही बरं झालं की भरून द्यायची. आमच्याकडच्या निम्म्या वाट्यांवर दुसऱ्याच बायकांची नावं कोरलेली होती आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. रिकामी वाटी परत करायचा हक्क फक्त घरच्या माणसांचा. आमचा मामा आला की डबे धुवूनसुद्धा आणायचा नाही.

आता सर. सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. गोरे, उंच, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. त्यांच्याकडे आईने वाटी पाठवली की आमची जेवणं आटपायच्या आत ती परत दारात. आणि भरलेली. सरांना स्वयंपाक म्हणाल तर चहा यायचा, तोही आपल्यापुरता. त्यामुळे वाटीत काय असेल याचा नेम नाही. कधी लीलो चेवडो म्हणजे बडोद्याचा तो ओलसर चिवडा, कधी लिंबं, कधी कापराच्या वड्या. एकदा खडूचे तुकडे आले होते. आई वाटीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि म्हणायची, "जो ने, बघ, आला हिशोब."

सर कोणाला थँक्यू म्हणत नसत. आभार नाही, धन्यवाद नाही, काही नाही. कोणी काही केलं की ते फक्त म्हणायचे, "मला बांधू नका." कनुकाका स्कूटर थांबवून म्हणायचे, "बेसो साहेब, मांडवीपर्यंत सोडतो." सर म्हणायचे, "मला बांधू नका," आणि शेजारून सायकल दामटत निघायचे. कधी नाइलाज झालाच, म्हणजे गॅसच्या रांगेत कोणी त्यांचा नंबर धरून ठेवला किंवा पडलेला चष्मा कोणी उचलून दिला, तर ते खिशातून सुतळीचा तुकडा काढून सायकलच्या हँडलला बांधत. त्या माणसाचं काहीतरी काम करून टाकलं की सुतळी सोडत. संध्याकाळी सर घरी आले की कनुकाका गल्ल्यावरून मान लांब करून बघायचे आणि आमच्या गॅलरीकडे ओरडून सांगायचे, "बेन, आजे साहेब बंधायेला छे." आज साहेब बांधलेले आहेत. मग सगळ्या गल्लीला कळायचं की आज सरांवर कोणीतरी उपकार केलाय आणि तो माणूस आता सुटत नाही.

हे सगळं खूळ एका इंग्रजी शब्दातून आलेलं. तो शब्द म्हणजे ऑब्लाइज. त्या काळी सगळे अर्ज इंग्रजीत, आणि अर्जाच्या शेवटी 'अँड ऑब्लाइज' लिहायचीच पद्धत. म्हणजे, अमुक एवढं करा आणि उपकार करा. गल्लीतले अर्ज सरच लिहून द्यायचे, पण हे दोन शब्द लिहायला त्यांचा ठाम नकार. बाबांना माझ्या आत्याच्या लग्नासाठी रजा हवी होती. सरांनी अर्ज लिहिला आणि बाबांनी न वाचता सही करून दिला. बाबांच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं की ही रजा मला नियमाने मिळायचीच आहे, तेव्हा ती दिल्याबद्दल मी आपल्याला कोणत्याही प्रकारे बांधला जाणार नाही, याची नोंद घ्यावी. बाबांना दरदरून घाम फुटला. साहेबांना मात्र वाटलं की एवढी भाषा करतोय म्हणजे मागे वकील असणार. रजा मिळाली, वर दोन दिवस जास्त मिळाली. बाबांनी खूश होऊन सरांना पेढे दिले, आणि सरांनी लगोलग आमच्या घड्याळात नवा सेल घालून दिला.

मग ती वर्षं आली जेव्हा गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान आलं, परदेशी कंपन्या येणार येणार अशी बोलणी सुरू झाली आणि ज्याला त्याला फाडफाड इंग्रजी यायला हवं झालं. सरांनी पुढच्या खोलीत क्लास काढला. मी कॉलेजात होते, मीही बसले. कनुकाकाही बसले, कारण त्यांची मुलगी अमेरिकेत बाळंत व्हायची होती आणि व्हिसासाठी मुंबईला मुलाखत द्यायची होती. आम्हाला वाटलं, हाऊ डू यू डू पासून सुरुवात होईल. सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, कनुकाकांना पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सुतळीने त्यांचे दोन्ही हात खुर्चीला बांधून टाकले.

"आता म्हणा, आय ॲम ऑब्लाइज्ड."

"साहेब," कनुकाका म्हणाले, "दुकान खुल्ली मूकीने आव्यो छुं, छोडो ने." दुकान उघडं टाकून आले होते बिचारे.

"हाच," सर आमच्याकडे वळून म्हणाले, "हाच या शब्दाचा अर्थ. लॅटिनमध्ये लिगारे म्हणजे बांधणं. डॉक्टर ज्याला लिगामेंट म्हणतात ती हाडाला हाड बांधणारी दोरी, ती याचीच सख्खी बहीण. देशादेशांची लीग होते, ती चुलत बहीण. हा शब्द आधी शपथेला वापरत. शपथ घेतली की माणूस बांधला. मग कराराला वापरायला लागले. उपकाराला फार उशिरा आला. पण दोरी तीच. आपण आभार म्हणतो त्यात भार आहे, तो निदान खाली तरी ठेवता येतो. ही दोरी आहे. आणि तुम्ही लोक प्रत्येक अर्जाच्या शेवटी समोरच्याच्या हातात ती देऊन मोकळे होता."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, इंग्रज लोक असा विचार करून थोडेच बोलतात?"

"इंग्रज विसरले. पोर्तुगीज विसरले नाहीत. ते धन्यवाद म्हणायला ओब्रिगादो म्हणतात. म्हणजे, मी बांधला गेलो. दमणला जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून स्वतः ऐकून आलोय मी."

गुजरातेत दारूबंदी आणि दमणला नाही, त्यामुळे बडोद्याचा माणूस दमणला कशाला जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर्गात बराच वेळ कोणी कोणाकडे बघितलं नाही. पण सर खरोखर तो एक शब्द ऐकायलाच गेले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. असा माणूस होता तो.

कनुकाकांनी पुढच्या क्लासला यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आले. आणि गंमत अशी की व्हिसाच्या खिडकीवर तोच धडा कामाला आला. गोऱ्या साहेबाने विचारलं की तुम्ही अमेरिकेतून परत कशावरून याल? कनुकाकांनी दोन्ही मनगटं जोडून पुढे केली आणि म्हणाले, "आय ॲम ऑब्लाइज्ड सर. शॉप टाइड. वाइफ टाइड. फाफडा एव्हरी मॉर्निंग टाइड." व्हिसा मिळाला. कनुकाका मुंबईहून आले ते थेट सरांच्या पाया पडायला, आणि मोठी परात भरून फरसाण दारात ठेवून सरांनी काही म्हणायच्या आत पळून गेले. सरांनी ते गल्लीत घरोघर वाटून टाकलं आणि परात परत करताना तिच्यात इंग्रजी शब्दकोश ठेवला. तो शब्दकोश पुढे दुकानात गल्ल्याखाली उंची वाढवायला बरीच वर्षं होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि गल्लीने नेलंही. नेलं नाही ते आईने. कारण तिला आधीचे सर माहीत होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर त्यांच्याकडची वाटी आमच्याकडे महिनामहिना पडलेली असायची आणि आमची त्यांच्याकडे. काकू गेल्या आणि वाट्या लगेच परत यायला लागल्या. आई म्हणायची, "हा माणूस आपल्याला गिऱ्हाईक समजतो. एकदा, फक्त एकदा माझी वाटी रिकामी आणून दे म्हणावं, आपल्या माणसासारखी." बाबा म्हणायचे, जाऊ दे ना. तर ती आणखी भडकायची.

आणि मग ती अळूची गोष्ट घडली. आईने श्रावणात अळूचं फतफतं केलं होतं, शेंगदाणे, खोबरं, सगळं घालून, काकूंना आवडायचं तसं. वाटी खाली गेली. आईने हात धुवून पदराला पुसले नाहीत तोवर सर दारात, आणि वाटीत विजेचा बल्ब. सर वळून जिना उतरले. आई मागोमाग बल्ब हातात धरून उतरली, आणि मी तिच्या मागे, कारण असली मजा कोण सोडेल.

"सर," आई म्हणाली, "माझ्या फतफत्याची किंमत साठ वॅट?"

सर गडबडले. "वहिनी, घरात दुसरं काही नव्हतं."

"मग राहू द्यायची होती वाटी. कोणी मागायला आलं होतं? एवढं काय जड होतं हो तुम्हाला आमचं?"

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "तिच्या आजारपणात तुम्ही हॉस्पिटलात बसलात. कनुभाईंनी गाडी लावून दिली. गल्लीतल्या प्रत्येक घरातून डबा येत होता. तेव्हा मी कोणाला नाही म्हटलं नाही, शुद्धच नव्हती. आता शुद्ध आहे, वहिनी, आणि ते फेडायचं कसं ते कळत नाही. हँडलला बांधलं असतं तर हँडल दिसलं नसतं. त्यात आणखी नको. मला बांधू नका."

आईचा राग झर्रकन उतरला. डोळे भरून आले, माझेही आले. पण आई ती आईच. ती म्हणाली, "ते फेडायचं नसतंच, सर. एवढं शिकलात आणि हे कोणी शिकवलं नाही?" बल्ब मात्र तिने परत दिला नाही. न्हाणीघरातला गेलेलाच होता.

यानंतर सर सुधारतील असं आम्हाला वाटलं. कसले सुधारतायत. पुढच्या वाटीतून काड्यापेटी आली.

सरांचा मुलगा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत होता. त्याने बडोद्यातच, पण पार लांब समा भागात, नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, लिफ्टवाला, आणि वडिलांना तिकडे हलवायचं ठरवलं. गल्लीतलं घर भाड्याचं, मालकालाही ते हवंच होतं. जायच्या आदल्या आठवड्यात सर सायकल घेऊन घरोघर हिंडले. कोणाची पुस्तकं परत, कोणाच्या मुलाला फुकट धडा, कोणाचा नळ दुरुस्त. हँडल अगदी कोरं झालं. निघायच्या दिवशी सर जिन्याखाली उभे राहून बाबांना म्हणाले, "आता कोणाचं काही राहिलं नाही." हे आईने वरून ऐकलं.

ती आत गेली. तिने सकाळीच बासुंदी आटवून ठेवली होती आणि वाट बघत होती. सरांचं सामान टेंपोत चढलं, डबे बांधले गेले, स्वयंपाकघराला कुलूप लागलं, सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले, इंजिन सुरू झालं. तेव्हा आई जिना उतरून धावत आली आणि खिडकीतून सरांच्या हातात बासुंदीची वाटी दिली. तिचं नाव कोरलेली, काठोकाठ भरलेली. सर दोन्ही हातांनी वाटी धरून बसले, कारण सांडली असती. खिशात हात घालता येईना. ते नुसतेच "वहिनी, वहिनी" म्हणत राहिले आणि टेंपो वळणावरून गेला. आई कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभी होती. लढाई जिंकल्यासारखा तिचा चेहरा होता.

"आता बघू," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत वाटी येईल अशी तिची खात्री होती. आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, दिवाळीत नाही. आईला आधी आनंद झाला, मग करमेना, मग काळजी वाटायला लागली. "अगं, तासात वाटी परत करणारा माणूस. बरं आहे ना त्यांचं?" मी तेव्हा छाणीला एका कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. तिने मला परस्पर समाला जाऊन यायला सांगितलं.

सोसायटी मोठी होती. वॉचमनला सरांचं नाव माहीत नव्हतं, फ्लॅटचा नंबर माहीत होता. सरांच्या मजल्यावर सगळी दारं बंद, जाळीची दारंसुद्धा बंद. सरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला कसंसंच झालं. चहा केला, त्यांच्या पद्धतीचा. फ्लॅट स्वच्छ होता. सायकल बाल्कनीत होती आणि तिच्या हँडलला सुतळीचा एकच तुकडा बांधलेला होता. ओट्यावर आईची वाटी, घासूनपुसून लख्ख ठेवलेली.

"कसं वाटतंय सर इथे?" मी विचारलं.

"उत्तम. इथे कोणी कोणाला काही देत नाही. आल्यापासून एकदाही मला कोणी बांधलं नाही." त्यांनी माझा कप उचलून ओट्यावर ठेवला. "शेजारच्याचं आडनावसुद्धा अजून कळलेलं नाही मला."

मी वाटीकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"परत करायची आहे," ते म्हणाले. "दोनदा चेवडा भरून निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती दिली की सुतळी सोडायची, आणि मग संपलंच. मग मला त्या गल्लीत यायला कारण काय?"

मी वाटी आणली नाही. घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. आई कणीक मळत होती, तिने गोळा परातीत आपटून झाकून ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात जाशील तेव्हा त्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, वाटी आणायची तर रिकामी आणा. शेंगदाण्याचा एक दाणा जरी आत दिसला तर दार उघडणार नाही."

मी निरोप दिला. सर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे फार अवघड आहे."

होळी गेल्यावरचा रविवार होता. समोरच्या दुकानातून कनुकाकांची हाक आली, "बेन, जुओ तो, कोण आलं." अमेरिका बघून आल्यापासून ते आमच्याशी जास्तच मराठी बोलायला लागले होते, का ते कोणाला कळलं नाही. सर समाहून सायकल मारत आले होते, त्या वयात, त्या उन्हात. आधी ते कनुकाकांच्या दुकानाशी थांबले. सवयीने चेवडा मागितला. कनुकाकांनी पुडी बांधली. सरांनी ती हातात धरली, आमच्या गॅलरीकडे बघितलं, आणि पुडी परत त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. हँडलची सुतळी तशीच ठेवून ते जिना चढून आले.

आई दारात उभी होती. सरांनी पिशवीतून वाटी काढून पुढे केली. आईने आत वाकून बघितलं, अगदी निरखून, कारण तिचा विश्वास नव्हता. वाटी रिकामी होती. सरांचे हात मोकळे, आणि त्यांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. गळ्याशी बटण होतं तिथे ते चाचपत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, आणि मग मराठीत जमलं नाही म्हणून इंग्रजीत म्हणाले, अगदी हळू, "आय ॲम मच ऑब्लाइज्ड."

आईला इंग्रजी येत नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, मी बांधलेला आहे."

आईने पदराने डोळे पुसले, वाटी आत नेऊन मांडणीवर काकूंच्या नावाच्या वाटीशेजारी ठेवली, आणि तिथूनच म्हणाली, "मग उभे का म्हणावं? बसा. तवा तापलाय."